‘लोकेशन सांगा ना!’

प्रश्न : चार वर्षं झाली, मी आमच्या भागातल्या टेकड्या, माळ, एक तळं असे फोटो काढून टाकतोय. लाईक भरपूर, पण कमेंट दोनच प्रकारच्या, ‘वॉलपेपर पाठवा’ नाहीतर ‘लोकेशन सांगा ना’. मध्ये तळ्याच्या एका कडेला भराव पडला, त्याचेही फोटो टाकले तर कुणी ढुंकून पाहिलं नाही. फोटोंनी निसर्ग वाचतो हे खरंच असतं का आपलं उगाच?

उत्तर : नुसत्या सुंदर फोटोने काही वाचत नाही, हे आधी कबूल करून टाकूया. पण म्हणून तो वायाही जात नाही. कार्लटन वॉटकिन्स नावाचा फोटोग्राफर १८६१ साली खेचरांवर सामान लादून अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीत गेला. तेव्हा फिल्म नव्हती, त्याच्याकडे १८ बाय २२ इंचांच्या काचा होत्या, त्यांना जागेवरच रसायन लावायचं आणि ते ओलं असेपर्यंत फोटो काढून तंबूतल्या अंधारात धुवायचा, आपण मोबाईलची बॅटरी संपली की वैतागतो. १८६४ ला राष्ट्राध्यक्ष लिंकनने ती दरी लोकांसाठी राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली आणि गंमत म्हणजे त्याने ती जागा जन्मात पाहिली नव्हती. एकट्या फोटोंनी झालं असं मी म्हणणार नाही, मागे खटपट करणारी माणसं होती, पण ज्यांनी दरी पाहिलीच नव्हती त्यांच्या टेबलावर ठेवायला काहीतरी होतं ना!

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाची, ही मला जास्त जवळची वाटते. ओलेगास त्रुखानास नावाचा फोटोग्राफर तिथल्या पेडर नावाच्या तळ्याचे फोटो काढायचा आणि स्लाइड शो करून लोकांना दाखवायचा. १९६७ च्या वणव्यात घर जळलं, त्यात फोटो गेले, तर गडी परत रानात जाऊन पहिल्यापासून काढायला लागला. १९७२ मध्ये नदीत बुडून गेला आणि त्याच वर्षी धरणाच्या पाण्याखाली तळंही गेलं. म्हणजे हरलाच म्हणायचं. पण पीटर डोम्ब्रोव्हस्किस त्याच्याच तालमीतला. तिथलीच फ्रँकलिन नदीही एका नव्या धरणात बुडणार होती. त्याने काढलेला त्या नदीच्या धुक्यातल्या वळणाचा फोटो १९८३ च्या निवडणुकीत वर्तमानपत्रात पानभर रंगीत छापला, खाली सरळ प्रश्न, की हे नष्ट करणाऱ्या पक्षाला मत देणार का? सरकार बदललं, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच जुलैमध्ये चार विरुद्ध तीन अशा निकालाने धरण थांबलं.

आता यात तुमचं काय चुकतंय? तुमचा सुंदर फोटो वेगळा पडतो आणि भरावाचा वेगळा. नुसता भराव बघून माणूस स्क्रोल करतो कारण तिथे आधी काय होतं हे त्याला माहीतच नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावा, एकाच जागेवरून, एकाच फ्रेममध्ये काढलेले. चार वर्षांचे फोटो आहेत म्हणता, म्हणजे अर्धं काम झालंय!

जुना फोटो मोबाईलवर उघडून त्या जागी जा. जवळचा एखादा दगड आणि लांबचं टेकडीचं टोक धरा, जुन्या फोटोत ती दोन्ही एकमेकांच्या मागे जशी दिसतात तशी दिसेपर्यंत डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरका. हे झूम करून जमत नाही, झूमने फक्त फ्रेम लहान-मोठी होते, पायच हलवावे लागतात. शक्यतो महिना तोच आणि दिवसाची वेळही तीच, नाहीतर उन्हाळ्यातलं आटलेलं पाणी बघून कुणीतरी म्हणणारच की दरवर्षी असंच असतं. कॅप्शनमध्ये तारीख, काय बदललं आणि कुणाला विचारायचं एवढंच, कविता नको. ओरिजनल फाईलला हात लावू नका, एडिटिंग कॉपीवर करा. रंग भडक केले किंवा मधली विजेची तार पुसली की तो फोटो पुरावा म्हणून गेलाच समजा.

प्रश्न : मग लोकेशन द्यावं की नाही? नाही दिलं तर लोक म्हणतात भाव खातोय.

उत्तर : म्हणू देत. २०१९ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोरजवळ नारिंगी पॉपीची फुलं फुलली, सेल्फी व्हायरल झाले आणि इतकी गर्दी लोटली की तिकडे जायची वाटच बंद करायची पाळी आली. माझा नियम सोपा आहे, भरावासारख्या गोष्टीची तक्रार केली तर तिच्यात अचूक लोकेशन, पोस्टमध्ये फक्त ढोबळ भाग आणि घरटं किंवा दुर्मीळ झाड असेल तर तेवढंही नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद आहे ना तेही बघा, मूळ फाईल कुणाला पाठवली की आतमध्ये जीपीएस तसंच जातं. आणि घरट्यांवर ड्रोन तर अजिबात नको, त्याच कॅलिफोर्नियात २०२१ ला एक ड्रोन पाणपक्ष्यांच्या वसाहतीत कोसळला आणि हजारो पक्षी अंडी तिथेच टाकून उडून गेले.

प्रश्न : यासाठी महागडा कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : नको. साधा ट्रायपॉड घ्या आणि एक हार्ड डिस्क. फोटोंच्या दोन कॉप्या, त्यातली एक दुसऱ्या घरी.