एलजीबीटी खेळाडूंसाठी पुण्यात वेगळी फुटबॉल लीग कशाला हवी?

वेगळी नाही, सगळ्यांची. आमच्याकडे रविवारी सकाळी बाणेरच्या टर्फवर पास चुकला की ‘काय रे बायल्या’ हमखास ऐकू येतं. माझ्या एका मित्राच्या डाव्या पायात जादू होती. हे ऐकून ऐकून त्याने बूट माळ्यावर टाकले ते टाकलेच. फार वाईट वाटतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, पण मैदानावरची जीभ तीच राहिली. लंडनचा स्टोनवॉल एफसी हा एलजीबीटी खेळाडूंचा फुटबॉल क्लब १९९१ पासून खेळतोय. आपल्याकडे पाच-पाच जणांचे चार संघ जमले तरी सुरुवात होईल. शिवी दिली की रेफरीने सरळ बाहेर काढायचं, आणि कोण गे, कोण स्ट्रेट हे कुणी कुणाला विचारायचं नाही. मी स्ट्रेट आहे. गोलकीपर लागला तर येतो.