आयकॉनवर क्लिक केले की भलतीच स्लाइड का उघडते?

आपल्या प्रश्नावरून मला समजलेली परिस्थिती अशी आहे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावासाठी आपण पॉवरपॉइंटमध्ये २० प्रश्नांची प्रश्नमंजुषा केली आहे. प्रत्येक प्रश्नाखाली चार बटणे आहेत आणि प्रत्येक बटणावर डावीकडे आयकॉन व उजवीकडे उत्तर आहे. उत्तराच्या अक्षरांवर क्लिक केले तर हवी तीच स्लाइड उघडते, पण आयकॉनवर क्लिक केले की चुकीच्या पर्यायालाही 'शाब्बास!' मिळते, आणि ही गोष्ट आपल्या आधी मुलांच्या लक्षात आली. शिवाय दुवा (लिंक) दिल्यापासून अक्षरे निळी होऊन त्यांखाली रेघ आली आहे व ती काही केल्या जात नाही. या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. निळी रेघ हाच मूळ दोषाचा पुरावा आहे.

स्लाइड शो चालू असताना रिकाम्या जागी कोठेही क्लिक केले तरी पॉवरपॉइंट पुढच्या स्लाइडवर जातो, आणि आपल्या फाइलमध्ये प्रश्नाची पुढची स्लाइड नेमकी 'शाब्बास!' ही आहे. म्हणजे आयकॉनला चुकीचा दुवा लागलेला नाही, त्याला दुवाच नाही. आपल्या डोळ्यांना चौकट, आयकॉन आणि अक्षरे मिळून एक बटण दिसते. पॉवरपॉइंटला मात्र त्या वेगवेगळ्या वस्तू दिसतात, आणि माउसच्या टोकाखाली सर्वांत वर जी वस्तू असेल तिला दुवा आहे की नाही एवढेच तो पाहतो. खालच्या चौकटीला दुवा असला तरी वरच्या आयकॉनला नसेल, तर तो क्लिक रिकाम्या जागेवरचाच धरला जातो.

खात्री करण्यासाठी शिफ्ट दाबून एफ ५ दाबावे, म्हणजे समोरच्याच स्लाइडपासून शो सुरू होईल. मग क्लिक न करता माउस बटणाच्या डाव्या कडेपासून उजवीकडे सावकाश न्यावा. दुवा असेल तेथे बाणाचा हात होतो. माझा अंदाज असा आहे की आपल्या बटणावर आयकॉनवर बाणच राहील, आयकॉन आणि अक्षरे यांच्यामधल्या पट्ट्यातही बाणच राहील, आणि अक्षरांना स्पर्श होताच हात दिसेल. तसे झाले तर दुवा चौकटीला नसून केवळ अक्षरांना दिलेला आहे हे नक्की.

हे घडते ते निवडण्याच्या पद्धतीमुळे. बटणातली अक्षरे निवडून दुवा दिला की तो मजकुराला लागतो, आणि मजकुराच्या दुव्याला थीममधील दुव्याचा रंग व खालची रेघ आपोआप येते. त्यासाठी आधी अक्षरांवर उजवे क्लिक करून 'रिमूव्ह लिंक' करावे. नंतर एकदा एस्केप दाबावे. बटणाभोवतीची तुटक रेषा सलग झाली की मजकूर सुटून पूर्ण चौकट निवडली गेली असे समजावे. आता 'इन्सर्ट'मधील 'ॲक्शन' उघडून 'हायपरलिंक टू' येथे दुवा द्यावा. निळा रंग आणि रेघ दोन्ही जातील आणि चौकटीचा सर्व भाग जिवंत होईल.

आयकॉनचा प्रश्न मात्र उरतोच. त्याला तोच दुवा वेगळा देणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. पण २० प्रश्नांची ८० बटणे म्हणजे १६० दुवे होतात, आणि त्यांतला एखादा चुकणारच. मी स्वतः बटणावर पारदर्शक आवरण घालतो. चौकट, आयकॉन आणि अक्षरे यांना कोणताच दुवा ठेवायचा नाही. त्या सर्वांना झाकेल असा आयत सर्वांत वर काढायचा, त्याची बाह्यरेषा काढून टाकायची, 'फॉरमॅट शेप'मध्ये 'सॉलिड फिल' ठेवून 'ट्रान्स्परन्सी' १०० टक्के करायची आणि दुवा फक्त त्या आयताला द्यायचा. येथे 'नो फिल' निवडू नये. दिसायला दोन्ही सारखेच असले, तरी 'नो फिल'चा आयत मधून पोकळ असतो आणि क्लिक त्यातून आरपार जातो.

या पद्धतीत पुढे आयकॉन बदलला तरी दुव्याला धक्का लागत नाही. अडचण एवढीच, की आवरणाखालची अक्षरे दुरुस्त करायला गेले की हातात आवरणच येते. त्यासाठी आल्ट आणि एफ १० दाबून 'सिलेक्शन पेन' (स्लाइडवरील वस्तूंची यादी) उघडावा, प्रत्येक आवरणाला 'आवरण-बरोबर', 'आवरण-चूक १' अशी नावे द्यावीत आणि काम करताना त्यांच्यापुढचा डोळा (वस्तू दाखवण्या-लपवण्याची खूण) मिटून ठेवावा. काम संपल्यावर तो डोळा पुन्हा उघडण्यास विसरू नये, कारण तेथे लपवलेली वस्तू स्लाइड शोमध्येही लपलेलीच राहते. मी एकदा विसरलो होतो. भर वर्गात एकही बटण चालेना आणि मी बिचाऱ्या माउसला दोष देत बसलो.

आपण बटण आणि आयकॉन यांचा गट करून पाहिला तर, असेही विचारले आहे. हलवाहलवीसाठी गट सोयीचा आहे, पण दुवा गटावर सोपवू नये असे माझे मत आहे. दुरुस्तीच्या वेळी गट सोडावा लागला की गटाला दिलेल्या ॲनिमेशनसारख्या गोष्टी निघून जातात आणि त्या पुन्हा बसवण्यात वेळ जातो.

आता फाइलच्या रचनेकडे वळतो, कारण एक स्लाइड नीट करून तिच्या प्रती काढण्याचा आपला बेत आहे आणि खरी गफलत तेथे होते. विशिष्ट स्लाइडला दिलेला दुवा त्याच स्लाइडला चिकटून राहतो. पहिल्या प्रश्नाची प्रत काढली, तर दुसऱ्या प्रश्नातले बटणही पहिल्याच प्रश्नाच्या 'शाब्बास!'कडे नेते. म्हणून बरोबर उत्तराच्या आवरणाला ठरावीक स्लाइड न देता 'नेक्स्ट स्लाइड' ही क्रिया द्यावी आणि प्रत्येक प्रश्नामागे त्याची 'शाब्बास!' ठेवावी, तिच्यावरील 'पुढचा प्रश्न' या बटणालाही 'नेक्स्ट स्लाइड'च द्यावी. 'पुन्हा प्रयत्न करा' ही स्लाइड मात्र सर्व प्रश्नांत मिळून एकच, अगदी शेवटी ठेवावी. चुकीची तिन्ही आवरणे तिच्याकडे न्यावीत आणि तिच्यावरच्या 'परत' बटणाला 'लास्ट स्लाइड व्ह्यूड' द्यावे, म्हणजे मूल ज्या प्रश्नावरून आले त्याच प्रश्नावर परत जाईल. येथे दुवा ठरावीक स्लाइडला चिकटून राहणे हेच आपल्याला हवे आहे. अशा रीतीने प्रश्न आणि त्याची 'शाब्बास!' ही जोडी निवडून कितीही प्रती काढल्या तरी एकाही दुव्याला हात लावावा लागत नाही, आणि ६० ऐवजी ४१ स्लाइडमध्ये काम भागते. शेवटच्या 'शाब्बास!'ला तेवढे 'एंड शो' द्यावे, नाहीतर विसावा प्रश्न बरोबर सोडवणाऱ्या मुलाला 'पुन्हा प्रयत्न करा' असे ऐकावे लागेल. बरोबर पर्यायाची जागा बदलायची असेल, तर दुवे न बदलता आवरणांचीच अदलाबदल करावी.

हे सर्व झाल्यावरच 'स्लाइड शो'मधील 'सेट अप स्लाइड शो' उघडून 'ब्राउझ्ड ॲट अ किऑस्क' निवडावे. मग रिकाम्या जागी केलेला क्लिक, बाणांच्या कळा, माउसचे चाक यांपैकी कशानेही स्लाइड पुढे सरकत नाही. फक्त दुवे चालतात आणि एस्केपने बाहेर पडता येते. 'ट्रान्झिशन्स'मधील 'ऑन माउस क्लिक'ची खूण काढणे हा अर्धाच उपाय आहे, कारण कळफलकाने स्लाइड तरीही पुढे जाते, आणि मुले ती युक्ती दोन दिवसांत शोधून काढतील. किऑस्क आधी लावू नये असे सांगण्याचे कारण, त्यात चुकलेला क्लिक नुसता वाया जातो आणि दुवा कोठे नाही हे शोधणे अवघड होते.

वर्गातील स्पर्शफलकाविषयी आपण ओझरता उल्लेख केला आहे. तेथे बोट नुसते वर धरून काही होत नाही, त्यामुळे 'ॲक्शन'मधील 'माउस ओव्हर'वर काही अवलंबून ठेवू नये. आणि सगळे दुवे तपासून झाल्यावरही एखाद्या दिवशी बटणावर बोट ठेवताच तेथे लाल रेघ उमटली, तर स्लाइडवर लिहिण्याचे पेन चालू राहिलेले असते. कंट्रोल आणि ए दाबले की बाण परत येतो.