कळतं पण वळत नाही, हा दोष मानसिकतेचा आहे का?

नाही. तुम्ही विचारलंय की सगळं समजत असूनही लोक पर्यावरणपूरक सवयी का लावून घेत नाहीत, आपली मानसिकताच तशी आहे का. 'मानसिकता' म्हटलं की माझं डोकं फिरतं, कारण आमच्या पुण्यातल्या सोसायटीचे चेअरमन वर्षानुवर्षं हेच तुणतुणं वाजवत होते.

आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर कचऱ्याची शूट, म्हणजे कचरा खाली सोडायची उभी नळी होती. झाकण उघडायचं, पिशवी सोडायची, ती थेट तळमजल्यावर. घरात ओला-सुका वेगळा करून दोन पिशव्या टाकल्या तरी खाली आपटून दोन्ही फुटायच्या. मग कचरा वेचणाऱ्या ताई त्या ढिगात बसून आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्यातून दुधाच्या पिशव्या ओढून काढायच्या. फुटलेल्या बल्बच्या काचा, उघडे सॅनिटरी पॅड, सगळं त्यातच. हे एकदा बघितलेला माणूस घरी कचरा कशाला वेगळा करेल?

चेअरमनांचा उपाय काय, तर नोटीस बोर्डावर २०१६ चे घनकचरा नियम आणि खाली दंडाची रक्कम. नुसत्या दंडाने सवय लागत नाही हो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पहिल्याच वेळेला ५,००० रुपये दंड होता. थोडे दिवस कापडी पिशव्या दिसल्या, पुढे भाजीवाल्याकडे पुन्हा त्याच पातळ पिशव्या.

मी वार्षिक सभेत शूट बंद करा म्हटलं तेव्हा गदारोळ झाला. "बिल्डरने दिलेली सोय काढायची?" "लोक जिन्यात कचरा करतील." मी माघार घेतली नाही. शेवटी झाकणं सील झाली आणि मजल्यामजल्यावर ओल्यासाठी हिरवी, सुक्यासाठी निळी बादली आली. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हे ताईंनीच दारोदार सांगितलं. कुणाच्या हिरव्या बादलीत प्लास्टिक निघालं की शेजाऱ्यालाही दिसतं. महिन्याभरात बहुतेक घरं वळणावर आली. लोक तेच, नोटीसही तीच. चेअरमन अजून म्हणतात जनजागृती झाली. कसली जनजागृती! शूट गेली म्हणून झालं.

आणखी एक. घरात हे काम जवळजवळ नेहमी बाईच्याच अंगावर पडतं. ती नोकरी करून दमून आलेली असते. 'लोकांना आळस आहे' म्हणणाऱ्या पुरुषांनी आठवडाभर ओल्या कचऱ्याचा डबा धुवावा, मग बोलावं.

अर्थात आमच्याकडे ताई रोज येतात. जिथे कचरा चार दिवस उचलला जात नाही तिथे एवढ्याने भागणार नाही. गाडी, बस, एसीच्या सवयींबद्दलही मी बोलत नाहीये, तिथे पैशांचा मामला वेगळा आहे.

तुमच्या सोसायटीत शूट असेल तर आधी ती बंद करायला लावा. खर्चाचं कारण पुढे केलं तर सांगा, वेगळ्या झालेल्या ओल्या कचऱ्याचं गांडूळखत करता येतं, आणि पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक चालू असेल तर मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. आमच्या सभेत हे कमिटीने कधीच सांगितलं नव्हतं, मलाच उठून सांगावं लागलं.