५८ गुणांचा अल्बम आणि आपला कान

तुम्ही लातूरहून विचारले आहे की, महिनाभर वाट पाहून शुक्रवारी ऐकलेला एका परदेशी गटाचा नवा अल्बम तुम्हाला मनापासून आवडला, पण सोमवारी मेटाक्रिटिकवर त्याला १०० पैकी ५८ गुण दिसले. मग आपला कान चुकला की समीक्षक चुकले? त्याला जोडून असेही विचारले आहे की, आपल्याकडच्या नव्या मराठी अल्बमांना असे गुण तरी कोणी का देत नाही? परभणीत कॅसेटचे दुकान चालवण्यात माझी अठरा वर्षे गेली. नवे ध्वनिमुद्रण आधी ऐकायचे आणि मग त्यावर काय लिहिले गेले ते वाचायचे, ही सवय दुकान बंद झाल्यावरही टिकली आहे. त्या आधारावर उत्तर देतो.

कोण चुकले हे ठरवण्याआधी ५८ हा आकडा कसा तयार होतो ते पाहावे लागेल. २००१ मध्ये सुरू झालेले मेटाक्रिटिक स्वतः समीक्षा करत नाही. निरनिराळ्या नियतकालिकांतील मतांचे शंभराच्या मापात रूपांतर करून ते सरासरी काढते, आणि ही सरासरी साधी नसते. काहींच्या मताला जास्त वजन दिले जाते, पण कोणाला किती, हे जाहीर केले जात नाही. ज्या समीक्षेत अंक किंवा तारे नसतात, तिचा मजकूर वाचून तेथील कर्मचारीच अंक ठरवतात. पिचफोर्क हे संगीतसमीक्षेचे संकेतस्थळ दहापैकी दशांशापर्यंत गुण देते, त्यामुळे त्यांच्या ७.४ चे सरळ ७४ होतात. ‘द गार्डियन’ हे ब्रिटिश वृत्तपत्र पाचपैकी तारे देते, म्हणून त्यांचे तीन तारे म्हणजे ६०. मेटाक्रिटिकच्या मोजणीत ४० ते ६० हा पट्टा ‘संमिश्र’ मानला जातो. तीन तारे देणाऱ्याला पुष्कळदा एवढेच म्हणायचे असते की, अल्बम ऐकण्यासारखा आहे आणि त्यातली काही गाणी चांगली जमली आहेत. पण रूपांतर झाल्यावर तेच मत संमिश्रांच्या रांगेत जाऊन बसते. याच हिशेबाने, सर्वांनी पाचपैकी चार तारे दिलेल्या अल्बमचे ८० गुण होतात आणि तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचत नाही, कारण ती श्रेणी ८१ पासून सुरू होते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सर्वांनी ५५ ते ६० दिले तरी ५८ येतात, आणि निम्म्यांनी ८५ व निम्म्यांनी ३० दिले तरी जवळपास तेवढेच येतात. पहिल्या अल्बमने कोणाच्या मनात फारसे काही उमटवलेले नसते. दुसऱ्यावरून जाणकारांत खरे भांडण झालेले असते. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रकारचे अल्बम जास्त ऐकण्यासारखे निघतात. म्हणून त्या ५८ च्या खाली असलेले सुटे गुण आधी पाहा. नंतर सर्वांत वरची आणि सर्वांत खालची अशा दोन समीक्षा पूर्ण वाचा. दोघे एकाच गाण्याबद्दल, त्यातल्या एकाच वैशिष्ट्याबद्दल बोलत असतील आणि एकाला ते वैशिष्ट्य दोष वाटत असेल, तर तुम्हाला तो अल्बम का आवडला हेही तुमच्या लक्षात येईल.

घाईचा मुद्दाही यात आहे. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत आली, आणि वाचकही त्याच दिवशी मत वाचू पाहतात. समीक्षकाला प्रत आधी मिळाली तर त्याच्या हाती काही दिवस असतात. पण १३ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकन गायिका बियॉन्सेने कोणतीही पूर्वसूचना न देता अल्बम प्रकाशित केला, तेव्हा समीक्षकांनी तो सर्वांबरोबरच ऐकला. टेलर स्विफ्टचा १९ एप्रिल २०२४ चा अल्बम आधी १६ गाण्यांचा होता आणि दोनच तासांत आणखी १५ गाणी आली. दोन तासांहून अधिक लांबीच्या या संगीताबद्दल त्याच दिवसांत ठाम निकाल दिले गेले. ‘पेस्ट’ या नियतकालिकाने तर आपल्या समीक्षेवर लेखकाचे नाव छापले नाही, कारण २०१९ मध्ये त्याच गायिकेच्या अल्बमवर लिहिणाऱ्याला हिंसेच्या धमक्या आल्या होत्या. मत देणाऱ्याला नाव झाकावे लागणे ही मला फार दुःखाची गोष्ट वाटते, कारण समीक्षकाचे नाव कळले तरच त्याच्या कानाची ओळख होत जाते.

पहिल्या आठवड्यातील निकाल पुढे बदलल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. लेड झेपलिन या रॉक गटाच्या पहिल्या अल्बमवर १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने कठोर टीका केली, त्याच मासिकाने २००३ मध्ये सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांच्या यादीत त्याला २९वे स्थान दिले. मला मात्र मेटॅलिका या गटाच्या सप्टेंबर २००८ मधील ‘डेथ मॅग्नेटिक’चे उदाहरण जास्त शिकवणारे वाटते. बहुतेक समीक्षा अनुकूल होत्या, पण श्रोत्यांनी तक्रार केली की, ध्वनिमुद्रणाचा आवाज सगळीकडे इतका चढवून ठेवला आहे की हळू आणि जोरकस यांतला फरकच उरलेला नाही आणि आवाज फाटतो. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये हळू-जोरकस हा फरक बराचसा शाबूत ठेवलेल्या स्वरूपात होती, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून तुलना करता आली आणि हजारो श्रोत्यांनी नव्याने मिश्रण करण्याची, म्हणजे आवाज आणि वाद्ये यांचे प्रमाण पुन्हा बसवण्याची, मागणी केली. येथे सामान्य श्रोत्याने समीक्षकाच्या पुढे जाऊन ऐकले होते.

असे ऐकणारे आपल्या भागातही मी पाहिले आहेत. गंगाखेडकडची एक भजनी मंडळी अभंगांची नवी कॅसेट घेऊन जात आणि पुढच्या बाजाराला येऊन सांगत की, पखवाज पुढे आला आहे, गाणाऱ्याचा आवाज मागे राहिला आहे आणि त्यामुळे चाल उचलता येत नाही. ही मिश्रणाची नेमकी समीक्षा होती आणि ती पंधरा दिवस ऐकून, स्वतः म्हणून पाहून केलेली होती. दुर्दैवाने ती कोणी लिहून ठेवली नाही, मीही नाही.

येथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मराठीत संगीतसमीक्षा नाही असे म्हणता येणार नाही. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांवर लिहिले. वामनराव देशपांडे यांनी घराण्यांची गायकी स्वर आणि लय यांच्या अंगाने तपासली. पण आपली ही परंपरा मुख्यतः मैफलीची आणि गायकाची आहे. आवाजाचा लगाव, उपज, ठेहराव, समेवर येण्याची रीत यांसाठी आपल्याकडे समृद्ध शब्द आहेत. गाण्यांचा क्रम, वाद्यांचे मिश्रण, ध्वनिमुद्रणाचा दर्जा यांवर मात्र आपण क्वचितच लिहितो. त्यामुळे मराठी अल्बमचा परिचय बहुधा प्रकाशन समारंभाच्या बातमीवर संपतो. काही वर्षांपूर्वी एका वृत्तपत्रात आमच्याकडच्या गोंधळी कलावंतांच्या ध्वनिमुद्रणाचे कौतुक छापून आले होते आणि त्यात संबळाला ढोलकी म्हटले होते. संबळ म्हणजे जोडीने बांधलेली दोन वाद्ये, ती काठ्यांनी वाजतात. ढोलकी हाताने वाजते आणि तिचा नाद पूर्ण वेगळा असतो. लिहिणाऱ्याने ते ध्वनिमुद्रण लक्षपूर्वक ऐकले असते, तर ही चूक झाली नसती. ते कौतुक वाचून त्या कलावंतांना आनंद झाला नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

मराठी अल्बमांना गुण देण्याची व्यवस्था नसल्याचे मला म्हणूनच वाईट वाटत नाही. एखाद्या नव्या अल्बमबद्दल कोणी दोनशे शब्द लिहावेत, त्यात किती वेळा आणि कशावर ऐकला ते सांगावे, कोणते वाद्य कोठे येते ते अचूक नोंदवावे आणि मग आवड-नावड मांडावी, हे मला हवे आहे. तुम्ही प्रश्नात तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तालवाद्य एकदम थांबून आवाज एकटा उरतो, असे जे वाक्य लिहिले आहे, ते मी वाचलेल्या तुमच्या अल्बमच्या एकाही समीक्षेत नव्हते.

मी तो अल्बम आतापर्यंत एकदाच आणि तोही फोनच्या स्पीकरवर ऐकला आहे, त्यामुळे आज त्यावर मत देणार नाही. रविवारी तारेचे हेडफोन लावून तो सुरुवातीपासून सलग ऐकणार आहे, आणि तिसऱ्या गाण्यात तुम्ही म्हणता तेथे ताल खरोखर थांबतो की खाली हळू चालू राहतो, ते ऐकून लिहितो.