बोटीचं इंजिन तापतंय? आधी पाणी कुठे अडलंय ते बघा

हर्णै : ऑगस्टच्या पहिल्याच फेरीत अर्ध्या तासात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट (इंजिन गार असेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाक. काढू का?

अजिबात नको. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गारच चालतं, डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो. आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत बोट शाकारलेली होती ना? मग आधी इंपेलर, म्हणजे समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, काढून बघा. दोन महिने रबराची पाती एकाच अंगाला दुमडून पडली की त्यांना तोच बाक धरतो, आणि मुळाशी चिरा जातात. पातं बोटाने वाकवून सोडा. झटकन सरळ झालं नाही तर इंपेलर बाद. तुटलेलं पातं दिसलं तर नुसता नवा इंपेलर बसवून मोकळे होऊ नका. तो तुकडा पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या (खाऱ्या पाण्याने इंजिनातलं कूलंट गार करणाऱ्या नळ्यांच्या पेटीच्या) तोंडाशी बसतो. तो सापडेपर्यंत शोधायचा. एका बोटीच्या एक्स्चेंजरमधून मी तीन वेगवेगळ्या इंपेलरांची पाती काढली आहेत. मालक दर वर्षी फक्त इंपेलर बदलत होता!

इंपेलर शाबूत निघाला तर गाळणी उघडा, आणि समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तळाच्या कॉकच्या तोंडावर कालवं बसली आहेत का तेही बघा.

नवा इंपेलर घालताना ग्रीस नको, साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. पुढच्या मेअखेरीस तो काढूनच ठेवा आणि चावीला चिठ्ठी बांधा : 'इंपेलर नाही'. चिठ्ठी विसरलात तर नारळी पौर्णिमेच्या गडबडीत कोणीतरी इंजिन चालू करणारच.

रत्नागिरी : एक्स्चेंजरमधली झिंकची कांडी सारखी झिजते. त्याऐवजी साधा बोल्ट लावला तर?

कांडी झिजते म्हणूनच तांब्याच्या नळ्या वाचतात. बोल्ट लावलात तर खारं पाणी नळ्या खाईल. अर्धी झिजली की बदला. काळजी करायची ती कांडी जशीच्या तशी राहिली तर. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर धातूला धातू टेकत नाही आणि कांडी नुसती शोभेला उरते.

मालवण : पर्यटकांना फिरवतो. आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेर बसवलेल्या इंजिनाची) पाण्याची धार बारीक झाली आहे.

इंजिन बंद करून धारेच्या भोकात बारीक तार घाला. पुष्कळदा तिथेच वाळू असते. तरीही धार सुधारली नाही तर इंपेलर बघा. उथळ वाळूत इंजिन रेटू नका, आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने १० मिनिटं धुवा. मीठ आत वाळलं की मग तार काही कामाची नाही.

मालवणहूनच : कूलंट (इंजिनात फिरणारं, ते गार ठेवणारं पाणी) कुठे गळत नाही, तरी कमी होतं. काटा मात्र ठीक असतो.

एक्स्चेंजरमधली नळी फुटली असावी. कूलंट दाबाखाली असतं, ते खाऱ्या पाण्यात मिसळून धुराच्या नळीवाटे समुद्रात जातं. बाहेर थेंबही दिसत नाही. एक्स्चेंजर काढून दाब देऊन तपासून घ्या. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेला असण्याचा संभव आहे. मग इंजिन चालूच करू नका.

काट्यावर तर मुळीच विसंबू नका. कूलंट फार उतरलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खालीच राहतो. रोज सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडून पातळी डोळ्यांनी बघा. गरम इंजिनाच्या झाकणाला हात लावू नका. उकळतं कूलंट सरळ तोंडावर येतं.