यादीत घर अपात्र, हातात सात दिवसांची नोटीस, आणि दारात फाईलवाला

खान्देशातल्या एका नगरपालिका हद्दीतून एका ताईंचा प्रश्न आलाय, शहराचं नाव मुद्दाम देत नाही. थोडक्यात असं की आई दालमिलमध्ये निवडायच्या कामाला जाते, घोषित झोपडपट्टीत दोन खोल्या आहेत, त्या 2007 साली शंभरच्या स्टॅम्पवर आधीच्या राहणाऱ्याकडून घेतल्या, फोटोपास (झोपडीत राहणाऱ्याला मिळणारं सरकारी ओळखपत्र) अजून त्या माणसाच्याच नावावर. आता वस्ती सुधारायची म्हणून सर्व्हे झाला, त्यात घर "अपात्र" लागलं आणि पाठोपाठ सात दिवसांत अतिक्रमण काढा अशी नोटीस. वर एक कार्यकर्ता जागेवरच फ्लॅट मिळेल म्हणत घरटी पाच हजार "फाईल खर्च" मागतोय, कोऱ्या संमतीपत्रावर सह्या घेतोय आणि म्हणतो, "सही करी टाक बहीण, बाकीनं आम्ही देखी लेसूत." ताई विचारतात, सही करू की कोर्टात जाऊ?

ताई, आधी सही नको आणि ओरिजिनल कागद कुणाच्या हातात नको, तो कार्यकर्ता कितीही ओळखीचा असला तरी. कोर्टाचं नंतर बघू, कारण तुम्ही नोटीसचा जो फोटो पाठवलाय तो मी मोठा करून पाहिला आणि त्यावर ना जावक क्रमांक आहे ना कुठल्या कायद्याचं कुठलं कलम, नुसतं "स्वतःहून काढून घ्यावे अन्यथा" आणि खाली एक गिचमिड सही, पदाचा शिक्कासुद्धा अर्धाच उमटलाय. अशी नोटीस म्हणजे घर वाचलं असं समजू नका, कलम टाकून उद्या दुसरी आणतील, पण आज तुमच्या हातात बोलायला जागा आहे आणि ती सात दिवसांच्या आतच वापरायची. मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं साधं पत्र लिहा की नोटीस कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आहे ते कळवा, आम्हाला समक्ष ऐका, आणि आम्ही 1 जानेवारी 2011 च्या आधीपासून इथे राहतो त्याचे पुरावे सोबत जोडतोय. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि नंबर. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर रजिस्टर एडीनं पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा.

2011 च का, तर महाराष्ट्राच्या 1971 च्या झोपडपट्टी कायद्यात दोन तारखा आहेत. 1 जानेवारी 2000 ला किंवा त्याआधी असलेल्या झोपडीला आणि तिथल्या फोटोपासवाल्या राहणाऱ्याला संरक्षण आहे, मोठ्या सार्वजनिक कामासाठी हलवायचं झालं तरी दुसरीकडे पुनर्वसन करून मगच. पुढे कायदा बदलला आणि 2000 ते 1 जानेवारी 2011 या मधल्या लोकांनाही पुनर्वसनाचं घर मिळायची सोय झाली, फक्त ते फुकट नाही, पैसे भरून. तुमचं काय होतंय की झोपडी 2000 च्या आधीची आहे पण राहणारे तुम्ही 2007 पासून, म्हणून सर्व्हेवाल्यानं फोटोपासवरचं नाव आणि दारात उभी असलेली बाई जुळत नाही बघून सरळ अपात्र मारलं. माझं मत विचाराल तर फुकटच्या घरासाठी भांडत बसू नका, ते पदरात पडेल न पडेल, पण 2011 च्या आतले म्हणून सशुल्क पात्र धरा ही मागणी भक्कम आहे आणि हरकत त्यावरच घ्या. फोटोपासचं नाव बदलायचा वेगळा अर्जही सक्षम प्राधिकाऱ्याकडे आजच द्या.

आता तो स्टॅम्प. त्यानं तुम्ही मालक झालात हे डोक्यातून काढून टाका, रजिस्टर खत नाही आणि विकणारा स्वतःच मालक नव्हता. पण तो फाडूनही टाकू नका! स्टॅम्पच्या मागे वेंडरचा शिक्का, नंबर आणि विक्रीची तारीख असते, ती 2007 ची असेल तर ताबा कधीपासून याचा तो चांगला पुरावा. नुसता तोच दिला तर मात्र मागच्या तारखेचा स्टॅम्प आणला असं म्हणतात, म्हणून सोबत सरकारी कागद हवेत, महावितरणचं जुनं बिल, 2011 आधीच्या मतदार यादीचा तहसीलच्या निवडणूक शाखेतून घेतलेला सही-शिक्क्याचा उतारा, रेशनकार्ड, तुमचा त्या काळातला शाळेचा दाखला ज्यावर हाच पत्ता आहे. घरपट्टीच्या पावत्याही लावा. घरपट्टी भरली म्हणजे घर नावावर झालं असं वस्तीत सगळे समजतात, ते चूक आहे, पण राहता होतात एवढं त्यानं दिसतं.

आणि जमीन कुणाची हे कुणी बघितलंय का? सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा आणि नगररचना विभागातून भाग नकाशा, त्यावर आरक्षण आहे का ते कळेल. जमीन सरकारी असेल तर 2018 साली शासनानं 2011 च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमित करून पट्टे द्यायचं धोरण घेतलंय, तो रस्ता तुम्हाला या सगळ्या फ्लॅटच्या भानगडीपेक्षा बरा पडू शकतो. रेल्वेची असेल (भुसावळकडे हे नेहमी निघतं) तर नगरपालिकेची नोटीसच गैरलागू, तिथे केंद्राचा वेगळा कायदा आणि इस्टेट ऑफिसर.

तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहिलंय की मागची भिंत नाल्याला लागून आहे, आणि खरं सांगू, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. बुलडोझरबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल हल्ली सगळ्यांच्या व्हॉट्सॅपवर आहे, 15 दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्ट, सुनावणी, कारणं दिलेला आदेश, आणि आदेशानंतर पुन्हा 15 दिवस. हे सगळं खरं आहे, पण त्याच निकालात लिहिलंय की रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईनलगत, नदी किंवा पाणवठ्यातलं अनधिकृत बांधकाम असेल तर हे नियम लागू नाहीत. म्हणजे उद्या ते म्हणणार की तुमचं घर नाल्यात आहे. त्याआधी तुम्ही लिहून द्या की घर नाल्यात नाही, सिटी सर्व्हेच्या हद्दीनुसार मोजणी करा. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यातला, ओल्गा टेलिसचा सुप्रीम कोर्टाचा 1985 चा निकालही लोक तसाच अर्धवट सांगतात, फुटपाथवरच्यांना हलवताच येत नाही असं कोर्टानं म्हटलेलंच नाही, जगण्याच्या हक्कात उपजीविका येते आणि हलवायचं तर रीतसर, ऐकून घेऊन, असं म्हटलंय. हे तुमच्या आईला लागू पडतं कारण दालमिलचं काम चालत जायच्या अंतरावर आहे आणि गावाबाहेर घर दिलं तर रिक्षातच निम्मा रोज जाईल, तेव्हा हरकतीत हेही लिहा, जागेवरच पुनर्वसन का नाही ते विचारा.

त्या कार्यकर्त्याला एकच विचारा, योजना कुठली? पंतप्रधान आवास शहरीच्या 2015 च्या टप्प्यात झोपडपट्टी जागेवरच विकसित करायचा वेगळा घटक होता, 2024 च्या दुसऱ्या टप्प्यात तो स्वतंत्र घटक म्हणून नाहीये. मग "जागेवरच फ्लॅट" हा कुठून येणार, मंजुरीचा कागद, ठराव नंबर दाखव म्हणा. माहिती अधिकारात दहा रुपये भरून सर्व्हे यादी, ठराव आणि प्रकल्प अहवाल मागा, उत्तर यायला 30 दिवस धरा. जळगावच्या घरकुलांचं काय झालं ते आपल्याकडे सांगायला नको, हुडको या सरकारी गृहकर्ज कंपनीचं कर्ज काढून हजारो घरं बांधायची होती, पूर्ण झाली थोडीच, आणि 2019 साली धुळ्याच्या विशेष कोर्टानं 48 जणांना शिक्षा सुनावली. घर मिळायला वर्षं लागतात, पाडायला दुपार पुरते, म्हणून पर्यायी घराचा ताबा किंवा भाड्याचं लेखी ठरल्याशिवाय खोली सोडू नका.

खरंच पाडायला आले आणि लेखी म्हणणं ऐकलंच नाही तर रिट याचिका हायकोर्टाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, जळगाव-धुळे-नंदुरबार तिकडेच येतं. वकिलाच्या फीची काळजी नको, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्यानं, जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, अर्ज आईच्या नावानं द्या.

राहिलं भावाचं. त्याचं गावाकडे पक्कं घर आहे म्हणून आईचा आवासचा फॉर्म बाद होईल असं कुणीतरी सांगितलंय, तसं नाही. त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि लग्न न झालेली मुलं, लग्न झालेला भाऊ त्यात धरत नाहीत. फक्त ते गावचं घर वडिलांच्या नावावरून उतरलेलं असेल आणि उताऱ्यावर आईचंही नाव लागलेलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून फॉर्म भरायच्या आधी तो उतारा काढून मला पाठवा.