हरणाचं तोंड एका काखेत, शेपूट दुसऱ्या काखेत

प्रश्न: ताई, मी घरी शिवलेल्या कापडी सशासाठी स्वेटर विणतेय, पुढे मोठं हरीण, खाली नक्षीचे पट्टे, वर कॉलर, सगळं हवंय. पोटाचा घेर 20 सेमी आहे आणि डोक्याचा 28. जाड लोकर, 4 मिमीच्या सुया, 10 सेमीत 22 टाके येतात, हरणाचा ग्राफ 25 टाके रुंद आहे. दोनदा उसवलं, हरीण मावत नाही आणि गळा डोक्यातून जात नाही. काय चुकतंय?

उत्तर: अगं तुझं विणकाम चुकत नाहीये, लोकर चुकलीये. 22 टाक्यांना 10 सेमी म्हणजे 25 टाक्यांचं हरीण झालं साधारण 11 सेमीचं, आणि सशाचं पोट पुढून जेमतेम 10 सेमी, मग तोंड एका काखेत नि शेपूट दुसऱ्या काखेत जाणारच ना! बारीक लोकर आणि 2 मिमीच्या सुया घे, नमुना विणून, धुऊन, वाळवून मग टाके मोज. समजा 10 सेमीत 36 आले तर तेच हरीण 7 सेमीत बसतं.

आता घेर. पोट 20, सैलपणासाठी 1 सेमी, आणि 10 सेमीत 36 म्हणजे एका सेमीत 3.6 टाके, म्हणून 21 गुणिले 3.6 म्हणजे 75.6, तू 76 टाके घाल, कारण 4 टाक्यांची नक्षी त्यात बरोबर 19 वेळा बसते, फेरी जिथे जुळते तिथे अर्धवट फूल येत नाही.

हरीण मात्र विणताना घालू नकोस असं माझं स्पष्ट मत, कारण गोल, म्हणजे नळीसारखं फेऱ्यांनी विणताना एकच चित्र असेल तर तो दुसरा रंग पाठीमागून पूर्ण फेरीभर ओढत न्यावा लागतो, धागा जरा घट्ट झाला की चुण्या पडतात आणि सैल राहिला की सशाचा हात त्यात अडकतो. पट्टे दोन रंगात विण, सलग 3 टाक्यांपेक्षा जास्त धागा मागे लोंबू देऊ नकोस, आणि हरीण शेवटी रफूच्या सुईने सुलट टाक्यांवरून तसेच टाके घेत भर. चुकलं तर तेवढंच उसवता येतं, हे काय कमी आहे?

गळ्याचं म्हणशील तर डोकं पोटापेक्षा मोठं असलेल्या खेळण्याला बंद गळ्याचा स्वेटर घालायचा अट्टहासच नको. काखेपर्यंत गोल विण, तिथून वर सुलट-उलट ओळींनी, पाठ उघडी ठेवून. म्हणजे स्वेटर पायातून चढतो, हात बाह्यांत सरकवायचे आणि मागे बटणं. ससा लहान बाळाच्या हातात जाणार असेल तर बटणं नकोत, तोंडात जातात, पाठ सरळ शिवून टाक. बाह्या साध्याच ठेव, एवढ्या अरुंद नळीत नक्षी करायला जीव जातो आणि दिसतही नाही.

आणि हो, हरीण भरताना स्वेटर सशाच्या अंगावरून काढ. माझ्या अस्वलाचा तसाच भरला होता, सुई कधी पोटातून गेली कळलंच नाही, तो स्वेटर आजतागायत निघालेला नाही.